रंगपटाच्या भिंतीसाठी मोरिझो: तीन तऱ्हेच्या प्रिंट आणि गावातली फ्रेम

आधी निकाल सांगतो, मग कारणं. फ्रेंच चित्रकर्ती बेर्त मोरिझोचं ‘शृंगार करणारी स्त्री’ हे चित्र नाट्यगृहाच्या रंगपटात लावायचं असेल, तर ते मॅट कॉटन कागदावर, पिगमेंट शाईत, १८ बाय २४ इंचात छापून घ्या आणि काचेखाली फ्रेम करा. तयार ताणलेला कॅनव्हास घेऊ नका. फ्लेक्सवाल्या प्रेसमध्ये तर हे चित्र देऊच नका, दुसरं काहीही द्या.

मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तैलरंग, कॅनव्हास, आडवं, ६०.३ बाय ८०.४ सेंटीमीटर, म्हणजे इंचात साधारण २४ बाय ३२. काळ १८७५ ते १८८०. पॅरिसला एप्रिल १८८० मध्ये इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या गटाचं पाचवं प्रदर्शन भरलं, त्यात ते मांडलं होतं. बाई पाठमोरी आहे, हात केसांकडे गेलाय, मानेभोवती काळी फीत, खांद्यावरून कपडा जरा घसरलेला. डावीकडे आरसा आहे, पण त्यात तिचा चेहरा नाही. पावडरीचा पफ, काचेची बरणी, फूल, एवढंच दिसतं. आरशाच्या खालच्या कडेला मोरिझोनं स्वतःची सही केलीय. बाकी सगळी जागा जांभळट करडा, फिका गुलाबी, निळसर पांढरा अशा रंगांच्या सैल फटकाऱ्यांनी भरलेली आहे. गडद असं चित्रात फारच थोडं आहे आणि त्यात ती फीत सगळ्यात ठळक.

ही खोली घरातली आहे, नाट्यगृहातली नाही. मग रंगपटाला हेच का? त्या काळात खऱ्या रंगपटाची चित्रं एदगार देगा या चित्रकारानं काढली. १८७९ च्या आसपासची त्याची रंगपटातल्या नर्तिकेची पेस्टल खडूंची चित्रं आहेत, त्यातलं एक अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या संग्रहालयात आणि एक स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या ऑस्कर राइनहार्ट संग्रहात. एदुआर माने या चित्रकाराचं १८७७ चं ‘नाना’ जर्मनीत हॅम्बुर्गला आहे. त्यात निळ्या कॉर्सेटमधली बाई मेणबत्त्या लावलेल्या आरशासमोर हातात पफ घेऊन उभी आहे आणि उजवीकडे सोफ्यावर उंच टोपीवाला गृहस्थ बसून तिच्याकडे बघतोय. चित्रं म्हणून ही उत्तमच आहेत. पण पॅरिसच्या ऑपेरात वर्गणीदार पुरुषांना नर्तिकांच्या दालनापर्यंत मोकळीक असायची, आणि ती पुरुषी नजर या चित्रांच्या रचनेतच शिरलेली आहे. ज्या खोलीत आपल्या मुली आणि बाया प्रयोगाआधी कपडे बदलतात, तिथल्या भिंतीवर टोपीवाला गृहस्थ नको. मोरिझोच्या चित्रात बघणारा कोणी नाही. बाई स्वतःच्या कामात आहे, आणि चेहरा तर आरशानंही दाखवलेला नाही. बायकांच्या रंगपटासाठी आमची निवड म्हणून हीच.

ज्या वर्षी हे चित्र पॅरिसला लागलं, त्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १८८० ला, अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आलं. अण्णासाहेब आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. तेव्हा आपल्याकडच्या रंगपटात शकुंतलेची तयारी पुरुष नट करत होते. आज टिळकवाडी-शहापुरापासून खानापूर-निपाणीपर्यंत हौशी संघांच्या तालमींना मुली येतात. त्यांच्या खोलीत नटराजाच्या तसबिरीशेजारी हे चित्र शोभतं.

आता छपाई. हे चित्र मोरिझोच्या मृत्यूनंतरच्या मुदतीप्रमाणे कधीच हक्कमुक्त झालेलं आहे आणि संग्रहालय स्वतःच्या संकेतस्थळावरून त्याची डिजिटल फाइल विनामूल्य वापरू देतं. फाइल तिथूनच घ्या. शोधयंत्रात सापडलेली कुठलीही प्रत घेतली तर रंग प्रत्येकीत वेगळा निघतो, काही अगदी पिवळ्या, काही गुलाबी. फाइल उघडून आधी पिक्सेल बघा. १८ बाय २४ इंचाची प्रिंट इंचाला २०० पिक्सेलच्या घनतेनं छापायला ३६०० बाय ४८०० पिक्सेल लागतात, ३०० च्या घनतेला ५४०० बाय ७२००. ३६०० बाय ४८०० असतील तर मूळ मापात, म्हणजे २४ बाय ३२ मध्ये, घनता १५० होते. तीन-चार फुटांवरून बघायच्या चित्राला तेवढीही चालते, कारण इथे बारीक रेषाच नाहीत. घनता कमी पडते म्हणून दुकानदार एआयनं फाइल मोठी करतो म्हणाला, तर नको म्हणा. ते सॉफ्टवेअर सैल फटकारे एक तर गुळगुळीत करतं, नाहीतर तिथे नसलेला पोत घालतं. मोरिझोच्या चित्रात फटकारा गेला म्हणजे चित्रच गेलं.

मापाचं प्रमाण ३:४ आहे हे पक्कं लक्षात ठेवा. १८ बाय २४ किंवा २४ बाय ३२ मध्ये काही कापावं लागत नाही. तयार फ्रेमच्या दुकानात २४ बाय ३६ हे माप हमखास पुढे करतात. ते २:३ चं आहे. ३६ इंच रुंदीला उंची २७ इंच हवी, मिळतात २४. म्हणजे वरून-खालून मिळून तीन इंच चित्र उडतं, उंचीचा नववा हिस्सा. चित्र ताणून बसवलं तर बाईची पाठ रुंद दिसते, ते आणखी वाईट.

तीन तऱ्हा आहेत. पहिली, ऑनलाइन मिळणारा लाकडी चौकटीवर ताणलेला कॅनव्हास. पार्सल नीट येतं, भिंतीला लगेच लागतं, लांबून भपका असतो. पण चौकट दीड इंच जाडीची असते आणि बहुतेक ठिकाणी चित्रच कडेवर दुमडतात, त्यामुळे चारी बाजूंनी दीड-दीड इंच चित्र भिंतीकडे वळतं. कडेला साधा पांढरा किंवा करडा रंग मागता येतो, पण तो ऑर्डर देतानाच मागावा लागतो. कॅनव्हासवर मारलेला चकचकीत वार्निश बल्बखाली चमकतो आणि फिका जांभळा नुसता पांढरा दिसतो. कोपऱ्यावरच्या घडीला शाई तडकते. स्वस्त चौकटीत कोपऱ्यांना पाचर ठोकायची सोय नसते, त्यामुळे एका पावसाळ्यानंतर कापड सैल पडलं तर पुन्हा ताणता येत नाही.

रंगपटात कॅनव्हासची खरी अडचण मात्र वेगळीच. हेअर स्प्रे, पावडर, पॅनकेक मेकअपची धूळ, प्रयोगाआधीच्या पूजेची उदबत्ती, हे सगळं उघड्या कॅनव्हासच्या विणीत जाऊन बसतं. स्प्रेचा थर चिकट असतो, त्यावर पावडर चिकटते, आणि ओल्या फडक्यानं पुसायला गेलं की शाई निघू शकते. घरच्या दिवाणखान्यात कॅनव्हास चालेल. रंगपटात काच हवीच.

दुसरी तऱ्हा गावातल्या डिजिटल प्रेसची, इको-सॉल्व्हंट मशीनवर विनाइल किंवा फोटो पेपर, वर लॅमिनेशन. संमेलनाचे फलक, नाटकाचे बॅनर यांना हे मशीन उत्तम. पण बहुतेक वेळा त्यात चारच शाया असतात. करडा रंग निळी, किरमिजी आणि पिवळी शाई थोडी थोडी मिसळून तयार होतो. त्यातली एक जरी दोन-तीन टक्के जास्त पडली, तर अख्खा करडा हिरवट किंवा गुलाबी होतो. भडक चित्रात हे कळत नाही. या चित्रात करड्याशिवाय दुसरं फारसं काही नाही, त्यामुळे लगेच कळतं. शिवाय फिक्या भागात शाईचे सुटे ठिपके दिसतात आणि खांद्याची त्वचा रवाळ होते. तक्रार प्रेसवाल्याबद्दल नाही, मशीन त्या कामाचं नाही एवढंच.

तिसरी तऱ्हा म्हणजे फोटोग्राफरांची कामं करणाऱ्या लॅबची आर्ट प्रिंट. या इंकजेट यंत्रात काळ्या शाईबरोबर एक-दोन करड्या शायाही स्वतंत्र असतात. करडा मिसळून करावा लागत नाही, थेट पडतो, म्हणून तो करडाच राहतो. कागद शंभर टक्के कॉटन, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आसपास, मॅट, आणि पांढरेपणा उजळवणारी रसायनं नसलेला मागा. ही रसायनं असलेला कागद नवा असताना निळसर पांढरा दिसतो, काही वर्षांत तो उजळपणा मरतो आणि कागद पिवळट पडतो. निळसर कागदावर मोरिझोचे फिके रंग आजारी दिसतात. शाई पिगमेंटचीच का, हेही विचारा. डाय शाई स्वस्त असते, पण उजेडात लवकर उतरते आणि त्यात फिके रंग आधी जातात. दर विचारताना तो चौरस इंचाचा की चौरस फुटाचा, आणि कागदाच्या पांढऱ्या कडेसकट की नुसत्या चित्राचा, हे आधी बोलून घ्या. चारी बाजूंना एक इंच कोरी कड ठेवायला सांगा. फ्रेमवाल्याला प्रिंट धरायला ती लागते.

बेळगावात अशी लॅब हाताशी नसेल तर कोल्हापूर-पुण्याहून प्रिंट मागवता येते. ट्यूबमधून मागवताना ट्यूब किमान चार इंच व्यासाची हवी. बारीक ट्यूबमध्ये जाड कॉटन कागदाला आडव्या मोडी पडतात आणि त्या काचेखालीही दिसतात. आलेली प्रिंट लगेच फ्रेमला देऊ नका. स्वच्छ कागदात ठेवून, वर सपाट वजन देऊन दोन दिवस पडू द्या. कापलेला माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) आणि प्रिंट दोन्ही त्याच खोलीच्या हवेत आले म्हणजे मग बसवा.

पूर्ण प्रिंटआधी नमुन्याची पट्टी मागा. पूर्ण चित्र छोटं करून छापलेला नमुना उपयोगाचा नाही. खऱ्या मापातला एक तुकडा हवा, ए-४ कागदावर मावेल एवढा, आणि त्यात मान, काळी फीत, खांदा आणि आरशाकडचा थोडा भाग यायला हवा. तो दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरा. फीत काळी असावी, पण तिच्यातही फटकारा दिसावा, डांबरासारखा सपाट काळा पट्टा नको. खांद्याचा पांढरा आणि कपड्याचा पांढरा वेगवेगळे कळले पाहिजेत. ते एक झाले असतील तर दुकानात ‘ऑटो’ बटण दाबलंय हे नक्की. ते बटण चित्रातला सगळ्यात गडद ठिपका शोधून पूर्ण काळा करतं आणि सगळ्यात फिका पूर्ण पांढरा. या चित्रात गडद काय तर फीत, आणि फिकं जवळजवळ सगळंच, त्यामुळे मधला जांभळट करडा साफ पुसला जातो. प्रिंट ‘छान उठून’ दिसते, आणि दुकानदारालाही तेच चांगलं वाटतं. तेव्हा ऑर्डरवर लिहूनच द्या: लेव्हल, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस काहीही बदलू नये, फाइल आरजीबीतच (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा रंगपद्धतीत) ठेवावी, कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर रंग बरोबर उतरवणारी सेटिंग फाइल) लावावं. शार्पनेस वाढवला असेल तर फटकाऱ्यांच्या कडांना बारीक पांढरी किनार दिसते. ती एकदा दिसली की नजर तिथेच अडकते.

फ्रेमिंगला मात्र बाहेर जायची गरज नाही. गणपत गल्ली, खडेबाजार भागातले जुने फ्रेमवाले फ्रेमची पट्टी कापण्यात आणि कोपरे जुळवण्यात पटाईत आहेत. त्यांना सवय असते देवाच्या तसबिरी आणि सत्काराच्या फोटोंची, म्हणजे काचेला चिकटून फोटो, मागे हार्डबोर्ड, चारी बाजूंनी चिकटपट्टी. कॉटन प्रिंटला हेच नको. कागद काचेला टेकला तर पावसाळ्यात मध्ये बाष्प धरतं, प्रिंट काचेला चिकटते, आणि नंतर काढताना शाई काचेबरोबर येते. म्हणून माउंट हवा. निव्वळ शोभेसाठी नाही, काच आणि कागद यांच्यात जागा ठेवण्यासाठी. आम्लमुक्त बोर्ड, दोन मिलिमीटरच्या आसपास जाड, तिन्ही बाजूंना तीन इंच आणि खाली साडेतीन. १८ बाय २४ च्या प्रिंटला आतलं माप २४.५ बाय ३० इंच येतं. माउंटचा रंग शुभ्र पांढरा घेऊ नका, त्याच्यापुढे चित्रातला पांढरा मळका दिसतो. मोडक्या तांदळासारखा पांढरा घ्या.

प्रिंट माउंटला लावताना फक्त वरच्या कडेला दोन बिजागऱ्या. पातळ जपानी कागदाचे दीड इंचाचे तुकडे आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, किंवा आम्लमुक्त कागदी टेप. बाकी तिन्ही कडा मोकळ्या. कागद पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. चारी बाजूंनी फेव्हिकॉल किंवा सेलोटेप लावला की फुगायला जागा राहत नाही आणि लाटा पडतात. फ्रेमवाले म्हणतात, ‘साहेब, न चिकटवता घसरेल.’ नाही घसरत. दोन बिजागऱ्यांवर हा कागद आरामात लटकतो.

मागे थेट एमडीएफ नको. त्यातून आम्ल सुटतं आणि ओल लागली की तो फुगतो. माउंटच्या मागे एक आम्लमुक्त बोर्ड, त्यामागे सनपॅकची पोकळ प्लास्टिक शीट, आणि पट्टी व शीटच्या फटीवर सगळीकडून कागदी गमटेप. या फटीतूनच कसर आत शिरते आणि तिला खळ आवडते.

काच साधी दोन मिलिमीटरची चालते. या मापाला एकट्या काचेचं वजन सुमारे २.३ ते २.४ किलो होतं, पट्टी आणि बाकीचं धरून साडेचार-पाच किलो. तेवढ्याच जाडीचं ॲक्रिलिक वजनाला निम्म्याहून कमी. ज्या संघांचं सामान टेम्पोतून फिरतं, त्यांनी ॲक्रिलिकच घ्यावं. ते सहज फुटत नाही, पण ओरखडे पडतात आणि स्थिर विजेमुळे पावडर खेचतं. कोरड्या फडक्यानं घासलं तर आणखी खेचतं. किंचित ओलसर मऊ सुती कापड वापरा, अमोनियावाला काच-क्लीनर त्यावर मारू नका. दाणेदार ‘नॉन-ग्लेअर’ काच इथे नको. माउंटमुळे ती चित्रापासून दोन मिलिमीटर दूर राहते आणि चित्र धुकट दिसतं.

लावायची जागा. रंगपटातल्या आरशांना बल्बांची रांग असते. तिच्या समोरच्या भिंतीवर फ्रेम लावली तर काचेत बल्बच दिसतील. आरशाशी काटकोनात असलेली भिंत निवडा. तिथे माणसं बसून तयार होत असतील तर चित्राचा मध्य जमिनीपासून ५० इंचांवर घ्या, येण्याजाण्याची वाट असेल तर ५८. बल्ब पिवळे, २७०० केल्व्हिनचे असतील तर जांभळट करडा तपकिरीकडे जातो. ३५०० ते ४००० केल्व्हिन आणि रंगदर्शकांक (सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचे एलईडी लावले तर चित्रही नीट दिसतं आणि मेकअप करणाऱ्यांना त्वचेचा रंगही खरा दिसतो. चित्रापेक्षा हा दुसरा फायदा मोठा आहे, चित्राच्या निमित्तानं तेवढं करून घ्याच.

मधल्या एका खिळ्याला दोरीनं लटकवू नका. फ्रेमच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांना वरून एक-तृतीयांशावर डी-रिंग (इंग्रजी डीच्या आकाराची कडी), आणि भिंतीत दोन हुक. सहा मिलिमीटरचं भोक, प्लास्टिक प्लग, ३५ मिलिमीटरचा स्क्रू. जांभ्या दगडाच्या चुन्यानं गिलावा केलेल्या जुन्या भिंतीत नुसता गिलावा धरून प्लग बसतो आणि महिन्यात गळतो, दगडापर्यंत भोक जायला हवं. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून अर्धा इंच जाडीचे रबरी ठोकळे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते.

हवेचा हिशेब तालुक्याप्रमाणे बदलतो. अथणी, रायबागकडे कोरडं असतं, तिथे वर लिहिलेलं सगळं थोडं ढिलं केलं तरी चालून जाईल. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल असतेच. तिकडे फ्रेम फक्त आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीवर लावा. आर्द्रता बरेच दिवस ६५ टक्क्यांवर राहिली की कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके धरतात, आणि ते नंतर निघत नाहीत. नाट्यगृह पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद राहत असेल तर जूनमध्ये फ्रेम उतरवून वाचनालयात किंवा कोणाच्या घरी, माणसं वावरतात अशा खोलीत ठेवणं सगळ्यात बरं.

पुरुषांच्या रंगपटालाही काही हवं असेल तर देगाचं ‘नट्यांचे रंगपट’ हे १८७९-८० चं एचिंग (धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र) सुचवतो. ते काळं-पांढरं आहे, लहान आहे, ए-४ मॅट कागदावरही नीट उतरतं आणि रंगाची कटकटच नाही. पेस्टलच्या भानगडीत पडायचं असेल तर तेही मॅट कागदावरच छापून घ्या. पेस्टल म्हणजे कोरडी भुकटी, तिला चकाकी नसते, चकचकीत कागदावर ती पोस्टरसारखी दिसते.

चित्रं जवळून बघायची सवय नसेल तर ऑर्डर देण्याआधी टिळकवाडीतल्या वरेरकर नाट्य संघाच्या के. बी. कुलकर्णी कला दालनात प्रदर्शन चालू असताना एकदा जाऊन या. खऱ्या तैलचित्रातला करडा कसा दिसतो, तो किती रंगांनी बनतो, हे डोळ्यांत बसवून घ्या आणि मग नमुन्याची पट्टी तपासा. फ्रेम हातात आली की दुकानातच उलटी करून गमटेप सगळीकडून बसलाय का आणि डी-रिंग दोन्हीकडे एकाच उंचीवर आहेत का ते बघा. पैसे त्यानंतर द्या.